सार्वकालिक श्रेष्ठ वेल्टरवेट कोण? स्वतःची यादी कशी तयार करायची

वेल्टरवेट म्हणजे बॉक्सिंगमधला १४७ पाउंडांपर्यंतचा वजनगट, आपल्या काट्यावर साधारण ६६.७ किलो. बॉक्सिंगमधली सगळ्यात जास्त थोर माणसं या एका वजनात होऊन गेली, असं माझं ठाम मत आहे. शुगर रे रॉबिन्सन, हेन्री आर्मस्ट्राँग, शुगर रे लेनर्ड, होसे नापोलेस, एमिल ग्रिफिथ, किड गाविलान, फ्लॉइड मेवेदर ही नावं एका दमात घेता येतात. यातल्या कुणालाही खाली ठेवायचं म्हटलं की जीव खालीवर होतो.

मराठवाड्यात कुस्तीएवढं बॉक्सिंग पाहिलं जात नाही, पण जे पाहतात ते मनापासून पाहतात. लास व्हेगासची शनिवार रात्रीची लढत आपल्याकडे रविवारी सकाळी दिसते. मेवेदर-पॅकियाओ लढत आपण ३ मे २०१५ च्या रविवारी चहा-पोह्यांबरोबरच पाहिली. अशी लढत संपली की 'सगळ्यात भारी कोण' हा वाद सुरू होतो आणि बहुतेक वेळा मेवेदरच्या ५०-० वर, म्हणजे ५० विजय आणि शून्य पराभवांवर येऊन थांबतो. मी त्याला पहिल्या पाचात धरत नाही म्हटल्यावर लातूरकडच्या एका पोराने मला सरळ विचारलं, "सर, त्यो एक बी हारला नाही. मग त्याला खाली का टाकूलालाव?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ते देण्याची रीत मात्र सांगता येते. एक वही, एक पेन आणि चार-सहा निवांत संध्याकाळी एवढ्यात हे काम होतं.

आधी प्रश्न कोणता ते ठरवा

'श्रेष्ठ कोण' या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. १४७ पाउंडांत कुणी सगळ्यात मोठं काम केलं? दोघांना त्यांच्या ऐन भरात एका रिंगमध्ये उतरवलं तर कोण जिंकेल? आणि डोळ्यांना कुणाचं बॉक्सिंग सगळ्यात सुंदर दिसतं? वाद घालणारे बहुतेक वेळा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या अंगावर फेकत असतात, म्हणून तो वाद मिटत नाही.

टॉमी हर्न्सचं उदाहरण घ्या. सहा फूट एक इंच उंची, ७८ इंचांची रीच, म्हणजे पसरलेल्या हातांची लांबी, आणि लेनर्डसमोर उतरला तेव्हा ३२ पैकी ३२ विजय, त्यातले ३० नॉकआउट. '१४७ ला याच्यासमोर कोण टिकेल' या प्रश्नात मी त्याला पहिल्या चारात घेईन. 'या वजनात काम किती' या प्रश्नात तो खाली सरकतो. २ ऑगस्ट १९८० ला त्याने पिपिनो क्वेव्हासला दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवलं. पण पुढच्या वर्षी लेनर्डकडून हरल्यावर त्याची मोठी कामगिरी वरच्या वजनांत झाली. माणूस एकच, पण प्रश्न बदलला की जागा बदलते. वहीच्या पहिल्या पानावर आपला प्रश्न लिहून काढा आणि शेवटपर्यंत तोच धरून चाला. या लेखात मी पहिला प्रश्न धरला आहे: केलेलं काम.

१४७ ची हद्द आखा

ही पायरी लोक सर्रास गाळतात. मॅनी पॅकियाओने आठ वजनांत किताब घेतले, हा पराक्रम अफाट आहे. पण वेल्टरवेटच्या यादीत त्यातलं फक्त वेल्टरचं काम धरायचं. मेवेदरने कनेलो अल्वारेझला हरवलं ते १५२ पाउंडांच्या ठरावीक वजनावर, ती लढत इथे नाही. टेरेन्स क्रॉफर्डने सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच कनेलोला १६८ पाउंडांत हरवलं, तीही नाही. रॉबिन्सन पाच वेळा मिडलवेट (१६० पाउंड) चॅम्पियन झाला, त्यातलं एकही इथे मोजायचं नाही. रोबेर्तो दुरानची लाइटवेटमधली (१३५ पाउंड) सगळी सद्दी बाहेर ठेवायची. मग या यादीत दुरानच्या पानावर मुख्यतः दोन नावं उरतात, कार्लोस पालोमिनो आणि लेनर्ड.

आणखी एक घोळ टाळा. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या लव्हलिना बोरगोहाईंने वेल्टरवेटमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते वजन ६९ किलोचं होतं. ऑलिंपिकची वजनं आणि प्रोफेशनलची वजनं वेगळी असतात, राउंडही वेगळे असतात. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजू नका.

प्रत्येकाला एक पान द्या

बॉक्सरेक या वेबसाइटवर जवळपास प्रत्येकाच्या लढतींची नोंद मिळते. सगळ्या लढती उतरवून घेऊ नका, हाताला कळ लागेल. १४७ च्या आसपासच्या आठ-दहा सगळ्यात मोठ्या लढती निवडा आणि प्रत्येकीपुढे एवढं लिहा: तारीख, प्रतिस्पर्धी, त्याचं वय, त्याचं त्या दिवसाचं वजन, तोवरचा त्याचा रेकॉर्ड, त्याची आधीची लढत कशी गेली, आणि निकाल कसा लागला.

लेनर्डचं पान भरून दाखवतो. ३० नोव्हेंबर १९७९: विल्फ्रेद बेनितेझ, वय २१, तोवर अजिंक्य, संरक्षणात जवळजवळ अस्पर्श. पंधराव्या राउंडमध्ये, लढत संपायला काही सेकंद उरलेले असताना रेफरीने ती थांबवली. २० जून १९८०, मॉन्ट्रियल: दुरान, वय २९, ७२ लढतींत फक्त एक पराभव. लेनर्ड पंधरा राउंडनंतर थोडक्या गुणांनी हरला. २५ नोव्हेंबर १९८०: पुन्हा दुरान, यावेळी आठव्या राउंडमध्ये दुरानने स्वतःच लढत सोडली. १६ सप्टेंबर १९८१: हर्न्स, वय २२, अजिंक्य. चौदाव्या राउंडमध्ये थांबवली.

दोन वर्षांपेक्षाही कमी काळात बेनितेझ, दुरान आणि हर्न्स, तिघंही आपापल्या भरात. दुरानच्या दुसऱ्या लढतीपुढे मात्र मी एक खूण करून ठेवली आहे, कारण मधल्या पाच महिन्यांत त्याचं वजन सुटलं होतं आणि ते घाईने उतरवावं लागलं होतं. तेवढं वजा केलं तरी या पानाची किंमत फारशी कमी होत नाही.

आता मेवेदरचं पान. रिकी हॅटन ४३-० होता, पण त्याचं मूळ वजन १४०. झॅब जुडा आधीच्याच लढतीत बाल्डोमिरकडून हरून आला होता. शेन मोस्ली ३८ वर्षांचा होता, पॅकियाओ ३६ चा. खुद्द मेवेदर तेव्हा ३८ चा होता हे खरं, पण पॅकियाओची लढत २००९-१० मध्ये व्हायला हवी होती, तेव्हा झाली असती तर या पानाला वेगळंच वजन आलं असतं. यातली एकही लढत फुकटची नाही. मोस्लीने दुसऱ्या राउंडमध्ये त्याला असा उजवा हाणला की त्याचे गुडघे वाकले, आणि तिथून त्याने उरलेली सगळी लढत ताब्यात घेतली. ते बॉक्सिंग पोरांनी पुन्हा पुन्हा पाहावं असं आहे. पण लेनर्डच्या पानावर ऐन भरातले जेवढे बिनीचे वेल्टर आहेत तेवढे या पानावर नाहीत. शून्य पराभव हा आकडा त्याचं कौशल्य सांगतो. समोर कोण, कोणत्या वयात उभा होता, ते सांगत नाही.

प्रतिस्पर्धी त्या दिवशी कसा होता?

सगळ्या पायऱ्यांतली ही मोलाची पायरी आहे. नुसतं नाव मोजू नका, त्या दिवशीचा माणूस मोजा. आपल्याकडे कुस्तीत हे शिकवावं लागत नाही. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी बेळगावच्या मैदानात सतपालला हरवलं, त्या कुस्तीचा निलंगा-लातूरकडे आजही अभिमान वाटतो, कारण तेव्हा सतपाल हा उताराला लागलेला मल्ल नव्हता, देशभर त्याचा दबदबा होता. जुने जाणकार पैलवानाच्या नावाबरोबर साल आणि वय सांगतात. बॉक्सिंगमध्येही तसंच करा.

२००८ च्या डिसेंबरमध्ये पॅकियाओने ऑस्कर दे ला होयाला कोपऱ्यात बसवलं. नाव केवढं मोठं! पण दे ला होया ३५ वर्षांचा होता, कित्येक वर्षांनी वजन घटवून १४७ ला उतरला होता आणि रिंगमध्ये तो वाळून गेलेला दिसत होता. त्यापेक्षा २० जुलै २०१९ ची कीथ थर्मनविरुद्धची लढत मी वरची मानतो. थर्मन अजिंक्य होता, तिशीत होता, आणि पॅकियाओ ४० चा होता. १९४३ मध्ये रॉबिन्सनने आर्मस्ट्राँगला हरवलं, ही ओळ अनेक याद्यांत मोठ्या दिमाखात असते. तीही जवळजवळ सोडून द्या, तोवर आर्मस्ट्राँगचे दिवस सरले होते.

या बाबतीत सगळ्यात दुःखद पान बेनी पारेतचं आहे. डिसेंबर १९६१ मध्ये मिडलवेट चॅम्पियन जीन फुलमरने त्याला बेदम मारून हरवलं होतं. त्यानंतर साडेतीन महिन्यांतच, २४ मार्च १९६२ ला तो ग्रिफिथसमोर उभा राहिला. बाराव्या राउंडमध्ये कोपऱ्यात अडकून त्याने जे ठोसे खाल्ले त्यातून तो शुद्धीवर आलाच नाही, दहा दिवसांनी गेला. अशा माणसाला तेवढ्या लवकर रिंगमध्ये उतरवायलाच नको होतं. 'आधीची लढत' हा रकाना मी त्या लढतीमुळे वहीत घातला. ग्रिफिथने पुढे कबूल केलं की त्या रात्रीनंतर त्याने हात आखडता घेतला. तरीही तो वर्षानुवर्षं चॅम्पियनांच्या पंक्तीत राहिला, हे त्याच्या पानावर लिहायला विसरू नका.

किताब किती वेळा राखला, या आकड्याने भुलू नका

आर्मस्ट्राँगने वेल्टरचा किताब किमान १८ वेळा राखला. फेलिक्स त्रिनिदादने १५ वेळा राखला. दोन आकडे शेजारी ठेवले तर फरक थोडा वाटतो. पण त्रिनिदादच्या काळात या वजनात एकाच वेळी तीन-चार संघटनांचे पट्टे, म्हणजे वेगवेगळे किताब होते, आर्मस्ट्राँगच्या काळात तसं नव्हतं. उलट बाजूही बघा. आर्मस्ट्राँगने १९३९ मध्ये ९ ते ३० ऑक्टोबर या काळात पाच वेळा किताब पणाला लावला, आणि त्यातले काही प्रतिस्पर्धी बेताचेच होते. तीन आठवड्यांत पाच लढतींची हिंमत मोठी, पण त्या पाचांची मिळून किंमत एका बार्नी रॉसएवढी होत नाही.

ती रॉसची लढत बघा. ३१ मे १९३८. आर्मस्ट्राँग तेव्हा फेदरवेट चॅम्पियन, म्हणजे १२६ पाउंडांचा. काट्यावर तो १३४ च्या आसपास भरला, वेल्टर चॅम्पियन रॉस १४२. आठ पाउंड कमी असलेल्या माणसाने पंधरा राउंड रॉसला मागे रेटत नेलं. रॉस आयुष्यात कधी नॉकआउट झाला नाही, त्या रात्रीही झाला नाही, पण त्यानंतर तो पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. अडीच महिन्यांनी आर्मस्ट्राँगने लू अँबर्सकडून लाइटवेटचा किताबही घेतला. सगळ्या बॉक्सिंगमध्ये मिळून आठच वजनं होती त्या काळात तीन किताब एकदम एका माणसाच्या हातात होते. फेदर आणि लाइट आपल्या हद्दीबाहेर, हे मान्य. पण मुळात लहान चणीच्या माणसाने १४७ च्या हद्दीत दोन वर्षांहून अधिक राज्य केलं, ही गोष्ट हद्दीच्या आतली आहे.

पराभवही वाचा

पराभव मोजायचे नसतात, वाचायचे असतात. रॉबिन्सनचा पहिला पराभव ५ फेब्रुवारी १९४३ ला जेक लामोटाकडून झाला, ४० विजयांनंतर. लामोटा मिडलवेट होता, रॉबिन्सनपेक्षा सुमारे १५ पाउंड जड. तीन आठवड्यांत रॉबिन्सनने त्याच लामोटाला पुन्हा गाठून हरवलं आणि तिथून पुढे १९५१ च्या जुलैपर्यंत तो हरलाच नाही. हा पराभव वेल्टरच्या पानावर लिहिला तर तो जमेच्या बाजूला लिहावा लागेल.

नापोलेस डिसेंबर १९७० मध्ये बिली बॅकसकडून हरला तो डोळ्यावर जखम झाल्यामुळे. पुढच्या जूनमध्ये त्याने किताब परत घेतला. ३५ व्या वर्षी जॉन स्ट्रेसीकडून हरला तो खरा पराभव, पण म्हातारपणाचा. गाविलान ऑक्टोबर १९५४ मध्ये जॉनी सॅक्सटनकडून गुणांवर हरला, आणि रिंगजवळच्या बहुतेक पत्रकारांच्या मते ती लढत गाविलाननेच जिंकली होती. सॅक्सटनचा मॅनेजर ब्लिंकी पालेर्मो गुंडांच्या टोळीतला होता. त्या काळात पडद्याआडची सूत्रं फ्रँकी कार्बोच्या हातात होती. नुरा कुस्ती पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

जो पराभव नाही तोही नीट वाचा. १० सप्टेंबर १९९३ ला पर्नेल व्हिटेकर आणि हूलिओ सेझार चावेझ यांची लढत बरोबरीत सोडवली गेली. चावेझ तोवर ८७-०. त्या रात्री डावखुऱ्या व्हिटेकरने त्याला नीट फटका लावू दिला नाही. मी स्वतः राउंडमागून राउंड गुण मांडले आहेत आणि मला कुठल्याही हिशेबाने ती बरोबरी दिसत नाही. माझ्या वहीत तो विजय आहे.

काळाचा हिशेब

इथे लोक लांबलचक भाषणं करतात, मी थोडक्यात सांगतो. पूर्वी किताबाची लढत पंधरा राउंडची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये लढतीत लागलेल्या माराने कोरियन बॉक्सर डुक-कू किमचा मृत्यू झाल्यावर ती हळूहळू बारावर आली. लेनर्डचे बेनितेझ आणि हर्न्सवरचे दोन्ही मोठे विजय बाराव्या राउंडनंतरचे आहेत, हे लक्षात घ्या. १९८० च्या दशकापर्यंत वजन लढतीच्याच दिवशी सकाळी होत असे. आता आदल्या दिवशी होतं, त्यामुळे आजचा १४७ चा बॉक्सर रिंगमध्ये बराच जड असतो. रॉबिन्सनच्या काळात १४७ नंतर थेट १६० होतं, मधलं १५४ चं वजन १९६० च्या दशकात आलं. आणि १९१० च्या दशकात अमेरिकेत अनेक ठिकाणी अधिकृत निकालच दिला जात नसे, दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं कोण जिंकलं ते सांगत. जॅक ब्रिटन आणि टेड 'किड' लुइस एकमेकांशी २० वेळा लढले, त्यातल्या अनेक लढती अशाच. त्यांना 'रेकॉर्ड धूसर आहे' म्हणून काढून टाकू नका.

एक गोष्ट मात्र थोडक्यात आटोपता येत नाही. चार्ली बर्ली नावाचा काळा बॉक्सर १९४० च्या आगेमागे या वजनात होता. त्याने फ्रिट्झी झिव्हिकला तीन लढतींत दोनदा हरवलं. हा तोच झिव्हिक, ज्याने ऑक्टोबर १९४० मध्ये आर्मस्ट्राँगकडून किताब हिसकावला. बर्लीने १९४४ मध्ये पुढे लाइट-हेवीवेट चॅम्पियन झालेल्या आर्ची मूरलाही हरवलं. बर्लीला कुणी नॉकआउट करू शकलं नाही. त्याला किताबासाठी एकदाही संधी मिळाली नाही. होल्मन विल्यम्स, कोकोआ किड हे त्याच्याच पंक्तीतले. काळ्या रंगाचा आणि हरवायला अवघड, एवढाच त्यांचा अपराध. पट्ट्यावरून यादी करणाऱ्याच्या वहीत ही माणसं येतच नाहीत, आणि हा अन्याय दुसऱ्यांदा करायचा की नाही ते आपल्या हातात असतं.

मग लढती पाहा

पानं भरून झाल्यावरच लढती पाहा, आधी नको. आधी पाहिल्या की आवडता बॉक्सर ठरून जातो आणि मग माणूस त्याच्यासाठी पुरावे शोधत बसतो. आवाज बंद करून पाहा, समालोचक आपलं मत बनवून टाकतात. प्रत्येक राउंडनंतर थांबवा आणि १०-९ असा निकाल स्वतः लिहा, राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. पहिल्यांदा पाहताना नजर फक्त पायांवर ठेवा. मागे सरणाऱ्याचा मागचा पाय दोरीला टेकतोय का, पुढे येणारा पावलं टाकत वाट अडवतोय की नुसताच मागे धावतोय, हे हातांकडे पाहून कळत नाही.

सुरुवात लेनर्ड-हर्न्सने करा. या लढतीत दोघांच्या भूमिका उलटतात. ज्याला ठोसेबाज म्हणायचे तो हर्न्स मधल्या राउंडमध्ये लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, मारत गुण गोळा करतो, आणि नाचणारा लेनर्ड त्याच्या मागे लागतो. लेनर्डचा डावा डोळा सुजून बंद होत आलेला. तेराव्या राउंडनंतर तिन्ही जजांच्या कागदावर हर्न्स पुढे होता. तेराव्यात लेनर्डने एक उजवा बसवला, हर्न्सचे पाय गेले, तो दोरांतून बाहेर गेला. चौदाव्यात दोरीवर अडकलेल्या हर्न्सवर ठोशांचा मारा झाला आणि रेफरी मध्ये आला. लढत बारा राउंडची असती तर जिंकणारा दुसराच होता.

रॉबिन्सनच्या बाबतीत अडचण आहे. त्याच्या वेल्टरच्या काळातलं चित्रण फार थोडं उरलंय, आपण पाहतो तो बहुतेक मिडलवेटचा, तिशी ओलांडलेला रॉबिन्सन. त्यामुळे त्याच्यासाठी पानावरच जास्त भिस्त ठेवावी लागते. गाविलानचं चित्रण मिळतं. त्याचा बोलो पंच, खालून कोयत्यासारखा फिरवत आणलेला, नक्की पाहा. क्यूबात तो उसाच्या फडात काम करत वाढला होता.

जोड्या लावा, गुण देऊ नका

किताबाला इतके गुण, नॉकआउटला इतके, असा तक्ता करायचा मोह होतो. करू नका. तक्ता आकडे मोजतो, आणि आपण आत्तापर्यंत जे टिपलं ते आकड्यांत बसत नाही. त्याऐवजी दोन पानं शेजारी ठेवा आणि एकच विचारा: यातलं कोणतं पान भरणं जास्त अवघड होतं? जो जिंकेल त्याला पुढच्या पानाशी लावा. मैदानात जोड लावताना पंच करतात तेच.

माझ्या काही जोड्या अशा सुटल्या. नापोलेस आणि लेनर्ड: नापोलेसने दोन कारकिर्दी मिळून किताब १३ वेळा राखला. कर्टिस कोक्सला हरवून तो चॅम्पियन झाला आणि त्याच वर्षी ग्रिफिथलाही हरवलं. क्यूबात प्रोफेशनल बॉक्सिंगवर बंदी आली म्हणून तो मेक्सिकोत गेला होता, आणि संधी मिळाली तेव्हा २९ चा होता. त्याच्या बॉक्सिंगमध्ये इतका गुळगुळीतपणा होता की लोक त्याला 'मांतेकिया', म्हणजे लोणी म्हणत. तरीही मी लेनर्डला वर ठेवलं, कारण हर्न्स आणि बेनितेझसारखी ऐन भरातली दोन माणसं नापोलेसच्या पानावर नाहीत. ग्रिफिथ आणि गाविलान या जोडीने मला सगळ्यात जास्त छळलं. ग्रिफिथने लुइस रॉड्रिगेझशी चार वेळा लढून तीन जिंकल्या, आणि रॉड्रिगेझ स्वतः पहिल्या पंधरांतला आहे. गाविलान १४३ लढतींत एकदाही नॉकआउट झाला नाही आणि १९४९ मध्ये रॉबिन्सनशी पंधरा राउंड भिडला. शेवटी रॉड्रिगेझच्या लढतींनी पारडं ग्रिफिथकडे झुकवलं. व्हिटेकर आणि मेवेदर ही जोड अजूनही दर वर्षी हलते.

माझी यादी

पहिला रॉबिन्सन, आणि तो एकटाच वरच्या फळीत. १९४६ च्या डिसेंबरमध्ये टॉमी बेलला हरवून त्याने किताब घेतला, पण त्याच्या कितीतरी आधी त्याने झिव्हिकला दोनदा, आणि पुढे चॅम्पियन झालेल्या मार्टी सर्व्होला दोनदा हरवलं होतं. चॅम्पियन झाल्यावर डोकुसेन, गाविलान, फुसारी. वेल्टरच्या वजनात त्याला वेल्टर हरवू शकला नाही. बाकीच्यांच्या पानांवर दोन-तीन मोठ्या लढती असतात, याचं पान भरून दुसऱ्या पानावर जातं.

दुसऱ्या फळीत आर्मस्ट्राँग, मग लेनर्ड. तिसऱ्या फळीत नापोलेस, ग्रिफिथ, गाविलान. चौथ्या फळीत बार्नी रॉस, मेवेदर, व्हिटेकर, ब्रिटन. रॉस यासाठी की त्याने जिमी मॅकलार्निनशी १९३४-३५ मध्ये तीन वेळा लढून दोन जिंकल्या. हे दहा झाले. त्यांच्या उंबऱ्यावर क्रॉफर्ड, रॉड्रिगेझ, हर्न्स, कार्मेन बसिलिओ, मिकी वॉकर, त्रिनिदाद, पॅकियाओ. फळ्या मुद्दाम केल्या आहेत. एका फळीतल्या नावांची अदलाबदल कुणी केली तर मी वाद घालणार नाही. फळी ओलांडायची असेल तर मात्र पान दाखवावं लागेल.

क्रॉफर्डबद्दल तरुण पोरं माझ्यावर नाराज असतात. २९ जुलै २०२३ ला त्याने एरॉल स्पेन्सला तीनदा खाली पाडून नवव्या राउंडमध्ये संपवलं. चार पट्ट्यांच्या काळात या वजनातला तो पहिला निर्विवाद चॅम्पियन. गेल्या चाळीस वर्षांत १४७ ला एका रात्रीत याहून चांगलं बॉक्सिंग मी पाहिलेलं नाही. त्याआधी २०२१ मध्ये त्याने शॉन पोर्टरला थांबवलं, जे आधी कुणालाच जमलं नव्हतं. पण त्याच्या पानावर पहिल्या प्रतीची नावं दोनच आहेत. जेफ हॉर्न, आमिर खान, केल ब्रुक ही त्यांच्या भरातली माणसं नव्हती. प्रमोटरांच्या भांडणात त्याची ऐन उमेदीची वर्षं गेली, यात त्याचा दोष नाही. 'कोण जिंकेल' या दुसऱ्या यादीत मी त्याला रॉबिन्सन, लेनर्ड आणि हर्न्सच्या शेजारी बसवतो. तुमचा प्रश्न तो असेल तर तुमची यादी माझ्यापेक्षा खूप वेगळी येईल, आणि ती बरोबरच असेल.

बर्लीला मी क्रमांक दिलेला नाही. त्याच्यासाठी चौथ्या फळीच्या वर एक ओळ रिकामी सोडून तिथे नुसतं नाव लिहिलं आहे, आणि समोर झिव्हिक व मूर. वर्षातून एकदा वही उघडा, तेव्हा आधी प्रतिस्पर्ध्यांचे रकाने तपासा. हरलेला पुढे मोठा झाला की जिंकणाऱ्याचं जुनं पानही वजनदार होतं, मूरच्या बाबतीत तेच झालं. क्रमांक त्यानंतर हलवा.